चपला घालून ऐकायची रेकॉर्ड

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या शालूताई चांगली साडी नेसायच्या, पायात चपला घालायच्या, मांडीवर पर्स घ्यायच्या आणि स्वतःच्याच खोलीत दार लावून एक रेकॉर्ड ऐकत खुर्चीवर बसायच्या. लग्न होऊन चेरीताल वस्तीतल्या या घरी आले तेव्हा मला वाटलं, या कुठे तरी निघाल्यात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कार्यक्रमाला चालली. कार्यक्रमाला अनवाणी कोणी जाते काय?"

शालूताई माझ्या थोरल्या नणंद. लग्न केलं नाही, कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करत नोकरी पुरी केली. कमानिया गेटजवळच्या एका जुन्या दुकानातून त्यांनी तरुणपणी ती रेकॉर्ड आणली होती. परदेशात लोकांसमोर वाजवलेलं गिटार. कव्हरवर डोळे मिटून वाजवणारा माणूस आहे. नाव इंग्रजीत, मी चौथी शिकलेली, मला वाचता येत नाही. माझ्या यजमानांना तो गोंगाट वाटायचा, त्याआधी सासऱ्यांनाही वाटायचा. म्हणून दार बंद.

पुढे त्या मलाही आत बोलावू लागल्या. अट एकच, मधे उठायचं नाही. सुरुवातीला माझं डोकं दुखायचं. मग कळू लागलं. एका ठिकाणी त्याची तार उतरते, तो वाजवता वाजवताच खुंटी पिळून ती सुरात आणतो. ताई तिथे दरवेळी म्हणायच्या, "बिघडलं, पण थांबला नाही." आणि एका संथ जागी तो एकच सूर इतका लांबवतो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. सगळी गर्दी गप्प. मग एकच माणूस टाळी वाजवतो, एकटा. त्याच्यामागून सगळे. त्या माणसाला ताई आपला माणूस म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी ताईंचं छातीचं दुखणं वाढलं. त्याच वर्षी त्यांनी मराठी मंडळाच्या गणपतीत कार्यक्रमासाठी आपलं नाव दिलं, ही रेकॉर्ड लावणार म्हणून. सचिवांनी घरी येऊन समजावलं, भजन ठेवा, नाहीतर कारखान्याच्या आठवणी सांगा. ताईंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणाल्या. ते गेल्यावर मी म्हटलं, ताई, लोक हसतील. काहून करता?

"आजवर बंद खोलीत ऐकलं, विमल. एकदा माणसांत बसून ऐकायचं आहे. पुढच्या वर्षाचं कोणी पाहिलं?"

कार्यक्रमाच्या दिवशी मीही सोबत निघाले. रिक्षात रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेऊन गेलो.

हॉलमध्ये ताईंनी स्वतः सुई ठेवली आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी नेहमीसारखी शेवटी, भिंतीला टेकून. थोड्याच वेळात खुर्च्या सरकू लागल्या. पोरं हसली. माझ्या पुढच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "बाप्पाचे कान मोठे, त्यालाच जास्त तरास होऊन राहिला असेल." तार उतरली, चढली. अर्धे लोक चहाकडे गेले. ताईंनी एकदाही मागे पाहिलं नाही, फक्त पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तो लांब सूर आला. मला पुढचं ठाऊक होतं. आता तिकडचा तो माणूस टाळी वाजवेल आणि या हॉलमध्ये कोणीच वाजवणार नाही. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही, हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली तरी स्वयंपाकघरात जाते. हात पदराखाली होते. ते बाहेर काढले आणि टाळी वाजवली. जोरात.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी थांबले नाही. मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाजवली, मग आणखी दोघातिघांनी. फार नाहीत. गेलेले काही जण दारात येऊन उभे राहिले, आणि रेकॉर्ड संपेपर्यंत उभेच होते.

परतताना रेकॉर्ड प्लेअर ताईंनी मांडीवर घेतला. घर आलं तेव्हा म्हणाल्या, "आज आपली माणसं दोन होती. एक तिथली, एक इथली. चलो, झाला कार्यक्रम."

होळीच्या आधी त्या गेल्या. यजमान म्हणाले, आता ते यंत्र देऊन टाकू. मी नाही म्हटलं. त्यांना मी फारसं कधी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे यंत्र राहिलं.

रविवारी मी चपला घालते. दार आता उघडंच ठेवते. तो सूर लांबत जातो, आणि तिकडच्या माणसाच्या आधी मी टाळी वाजवते.