मल्हारमामांच्या लेकीचा फॉर्म

गंगाखेडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की दुकानात जत्रा भरते आणि माझं डोकं तापतं. कोणी फोटो विसरतं, कोणी दुसऱ्याचाच दाखला घेऊन येतं, आणि बी.एस्सी.ला विषय कोणता टाकू म्हणून विचारलं की निम्मी पोरं म्हणतात, "ताई, सोपा असंल तो टाका." मी म्हणते, सोपं पाहिजे तर समोर रसवंतीवर जा, रस पी आणि घरी झोप. लोक म्हणतात, बबिताची जीभ लय तिखट. असू द्या. गोड बोलून फॉर्म नीट भरले गेल्याचं मला तरी माहीत नाही.

मल्हारमामा आले ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं आणि हातातल्या पिशवीत लेकीची कागदं, एकावर एक नीट रचलेली. लेक मात्र सोबत नव्हती.

"मामा, फॉर्म तिचा आणि तुमी एकटेच? सही काय मी करू?"

"आणलीय न सही. कोऱ्या कागदावर तीनदा केलीय तिनं. मेंढरं राणीसावरगावाला बन्सीधर पाटलाच्या रानात बसवलीत, खतासाठी. एकानं तिथं ऱ्हावं लागतंय. मी थांबतो, तू जा म्हणलं, तर म्हणाली तुमीच जावा."

मामांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. पावसाळा सोडला तर घर म्हणजे पाल, आज ह्या रानात, परवा त्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही. बायको वारली तेव्हा लेक चार वर्षांची होती. तिला मावशीकडं ठेवली, आणि दर पंधरा दिवसांनी जिथं असतील तिथून चालत जाऊन भेटले. तीच ही दैवशाला. तिचा मार्कमेमो मी पाहिला. गणितात त्र्याण्णव, जीवशास्त्रात बावन्न.

मेमोच्या खाली तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मुख्य विषय म्हणून आधी 'गणित' लिहिलेलं, त्यावर काट मारून 'प्राणिशास्त्र'.

"बरोबर हाय ते," मामा म्हणाले. "मेंढरांची डाक्टरीण व्हनार म्हणती."

माझं टाळकंच सटकलं. "अहो मामा, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून कोणी जनावरांचं डॉक्टर होत नाही! त्याची परीक्षा वेगळी, कॉलेज वेगळं. ती परीक्षा दिलीय का तिनं?"

"तसलं काय न्हाई दिलं."

"मग बसू द्या तीन वर्षं बेडकाच्या आकृत्या काढत! आणि जिथं डोकं चालतंय ते दिलं सोडून. कोणी भरवलं हे तिच्या मनात? तुमीच ना?"

"बिरोबाची आण, ताई. मला यातलं काय कळतंय? तिचं तिनंच ठरवलं." मग म्हणाले, "माझ्यापुढं ती गणिताचं नाव बी काढत न्हाई."

"कामून?"

मामांनी पटका काढला, मांडीवर ठेवला आणि सांगायला लागले. त्यांच्यात मेंढरं मोजत नाहीत. सांजच्याला कळप आत घेताना तोंडावरून ओळखायचं, कोण आलं, कोण राहिलं. आकडा तोंडातून निघाला की कळपाला नजर लागते. दैवशाला सातवीत होती तेव्हा सुट्टीत पालावर आली होती. एका संध्याकाळी तिनं कळपाभोवतीच्या जाळीपाशी उभं राहून सगळी मेंढरं मोठ्यानं मोजली आणि पळत येऊन बापाला आकडा सांगितला. लय खूश होती म्हणे. त्याच आठवड्यात साथ आली. जिभा निळ्या पडून एकवीस मेंढरं गेली.

"मी तिला म्हणलं, तू मोजलीस म्हणून मेली. एक थापड बी दिली. अक्कल पेंड खायला गेल्ती माझी. तवापासून माझ्यापुढं तिनं कशाचाच आकडा काढला न्हाई, ताई. भाकरी किती करू, असं बी इचारत न्हाई. पुरतील का, म्हणती."

बोलता बोलता ते चिठ्ठीवरच्या त्या काटेकडं बघत राहिले. मी पहिल्यांदाच जीभ आवरली.

"त्या मेंढरांची भरपाई करायलीय का माय माझी?" त्यांनी मलाच विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं का बोलू? मागं रांगेतली पोरं गलका करायला लागली, त्यांच्यावर ओरडले, "गप बसा, सर्व्हर डाऊन आहे!"

मामांनी पाटलांना फोन लावून लेकीला द्यायला सांगितला. मी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

"दादा, भरला का फॉर्म?" पलीकडून दैवशालानं बापाला विचारलं.

"न्हाई अजून. मेंढरं कुठं हायत?"

"हितंच, लिंबाखाली बसलीत. का?"

"मोज बरं."

"मेंढरं? मोजू?"

"मोज म्हणलं न. मोठ्यानं. मी ऐकायलोय."

"नगं दादा." पोरगी रडकुंडीला आली. "परत काय झालं म्हंजी?"

"रोगानं मेली ती, माय. तुज्या मोजण्यानं न्हाई. मी येडा, मी तुला मारलं. चुकलं माझं. मोज तू."

फोनमधून पाचोळा वाजला, ती लिंबाकडं चालत गेली असावी. मग ती म्हणाली, "एक." मग, "दोन. तीन." विसाच्या पुढं आवाज जरा मोकळा झाला, साठाच्या पुढं पळायला लागला. मामा टेबल धरून, डोळे मिटून उभे होते. रांगेतल्या एकाही पोरानं फोन बाहेर काढला नाही.

"एकशे सदतीस," ती म्हणाली. "दादा, एकशे सदतीस हायत."

"येवढी हायत व्हय?" मामांनी पटक्यानं तोंड पुसलं. "मला आज कळालं बग. आता ह्या ताईला सांग, काय लिहायचं ते."

"गणित," दैवशाला म्हणाली.