पाळीवरचा रस्ता

आमच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अख्खं गाव चालतं. शाळेची पोरं, धानाचे ट्रॅक्टर, लग्नाची वरात, सगळं तिथूनच. बाबा रोज सकाळी काठी टेकत त्याच वाटेनं पलीकडच्या शेतावर जातात. आणि तरीही तिथे रस्ताच नाही, हे मला सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांकडून कळलं.

झालं असं, की सौंदड स्टेशनकडून नव्या राइस मिलपर्यंत मालगाडीसाठी रूळ टाकायचं ठरलं, आणि ते पाळीच्या टोकाला आमची वाट कापणार होते. पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली, हरकती द्या. मी दिली. रूळ टाका, पण फाटक ठेवा, एवढंच मागणं. नाहीतर गुडघे गेलेल्या माणसानं डांबरी रस्त्यानं एवढा मोठा वळसा घालायचा कसा? बाबांचं शेत सुटलंच म्हणायचं.

पहिल्या सुनावणीला साहेब रजेवर. दुसऱ्या वेळी माझ्याकडे नकाशाची प्रत नव्हती. तिसऱ्या वेळी प्रत होती, तर तिच्यावर शिक्का नव्हता. शिक्केवाले बाबू मान वर न करता म्हणाले, "कल आओ." मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे गेलो.

मग साहेब स्वतः जागा बघायला आले. जीप पाळीवरूनच आली. समोर बैलबंडी होती म्हणून ड्रायव्हरनं हॉर्नही वाजवला. साहेबांनी बोनेटवर नकाशा पसरला आणि म्हणाले, "इथे नुसता तलाव दाखवलाय. रस्ता असेल तरच फाटकाचा प्रश्न येतो."

"मंग साहेब, तुमी आले कोठून?" मी विचारलं. माझा सूर त्यांना आवडला नाही.

शेवटच्या सुनावणीत मिलच्या वकिलानं आमच्याच पंचायतीचा जुना ठराव पुढे केला. पाळीची रस्ता म्हणून नोंद करू नये. रस्ता झाला की वाहनं वाढतील, पाळ खचेल, तलाव जाईल. तलाव आमच्याच वाडवडिलांनी बांधलेला, त्यामुळे त्याला कोणी हात लावलेला आमच्या घराला खपत नाही. मी खाली ठराव मांडणाऱ्याची सही पाहिली. सही बाबांची होती. हरकत फेटाळली गेली. इतके दिवस साहेबांवर चिडता येत होतं, ते बरं होतं. आता कोणावर चिडू?

घरी बाबा ओसरीवर वाट बघत बसले होते. "का झालं?"

"फाटक नाई देत म्हणतेत. रस्त्याचा कागद नाई."

"कागद काऊन नाई?" ते उसळले. "मी पंचायतीत होतो तवा या पाळीसाठी भांडून ठराव केला होता. माही सही आहे त्याच्यावर. तो दाखव नं त्यायले!"

"दाखवला, बाबा."

"मंग?"

"लय पटला त्यायले."