क्योतोची ओळख करून देण्याचं काम

सौदीत यान्बूतल्या आमच्या कारखान्याचे इंजिनियर दरवर्षी परदेशात परिषदेला जात. निघण्याआधी त्यांना त्या शहराची माहिती देणं हे माझं काम. त्या वर्षी क्योतो होतं. जपान मी पाहिलेलं नाही, पण कुठलं देऊळ नदीपासून किती जवळ आणि बूट कुठे काढायचे, हे मला पाठ होतं.

सौदीकरणात, म्हणजे नोकऱ्या सौदी लोकांनाच देण्याच्या धोरणात, माझी जागा एका स्थानिक मुलीला द्यायची ठरली. इजिप्तचा मॅनेजर म्हणाला, "सिस्टर, क्योतोची माहिती ती देईल. तिला नाही जमलं, तर तुम्हाला मार्चपर्यंत ठेवून घेतो."

माझी मुलगी बारावीत होती, माझ्याच इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर. तिचे अब्बा नोकरी सुटल्यावर चिपळूणला परतले होते. मार्च मिळाला तर तिची परीक्षा इथे होणार होती, नाहीतर वर्षाच्या मध्येच शाळा सोडावी लागणार.

मी त्या स्थानिक मुलीला सगळं शिकवलं. अर्धवट शिकवणं मला जमत नाही.

तिने माहिती द्यायच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. मुलगी भराभर बोलत होती. लाकडी जमिनीवर मोज्यांनी चालायचं, म्हणून फाटके मोजे नेऊ नका. टॅक्सीचं दार आपोआप उघडतं, ओढू नका. बागेतली खडी रेघा ओढून ठेवलेली असते, तिच्यावर पाय देऊ नका.

"तिथे मासे शिजवतात तरी का?" एका म्हाताऱ्या इंजिनियरने विचारलं.

"अम्मो, तुम्ही घरून शेगडी न्या," ती म्हणाली. अम्मो म्हणजे काका. सगळे हसले, काकासुद्धा.

मग कोणीतरी विचारलं, हॉटेलच्या नाश्त्यातल्या सूपमध्ये दारू असते का? हे मी तिला सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. अशा वेळी मी काहीतरी सांगून सावरून घेत असे. बाहेरून आलेल्या माणसाने अडून चालत नाही. मॅनेजरने मान वर केली. माझे हात मांडीवर होते, तसेच राहिले.

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. "हॉटेलला विचारून संध्याकाळी कळवते. तोवर अंडी खा."

"यल्ला, अंडी तर अंडी," काका म्हणाले, आणि पुढचा प्रश्न आला. इतकंच.

संपल्यावर मॅनेजर माझ्याकडे आला. "खलास, सिस्टर. छान तयार केलंत तिला."

मी थँक्यू म्हटलं. मुलगी गर्दीतून येऊन मला बिलगली. तिच्या खांद्यावरून मला भिंतीवरचा पडदा दिसत होता, त्यावर क्योतोतल्या देवळाच्या लाल कमानी. प्रोजेक्टर बंद करायचा राहिला होता. तो मी केला.

घरी माझी मुलगी गणितं सोडवत बसली होती. "अम्मी, हाऊ वॉज शी?"

"चांगली बोलली."

तिने पेन खाली ठेवलं. "सो वी आर गोइंग?"

"हो. चिपळूणच्या शाळेत बारावीला मधूनच घेतात का, ते अब्बांना विचारायला सांगते. तू आधी जेवून घे."

ती जेवली नाही. मी जेवले, आणि तिचं ताट झाकून ठेवलं.