कापसाच्या खोलीतलं भुयार

परवा कापसाने भरलेली गाडी शेजारून गेली आणि सरकीचा तेलकट वास नाकात शिरला. मी रस्त्यातच थांबले.

खूप वर्षांपूर्वी एकदा कापसाचे भाव पडले होते, म्हणून घाटंजीजवळच्या गावात बहिणीने सगळा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. मी पाहुणी गेले होते. तिच्या दोन मुलांसाठी मी पुठ्ठ्यावर एक खेळ आखला होता. त्यात अंधारं भुयार, वाटेत राक्षस, शेवटी खजिना. बहीण शेतात गेली, की आम्ही ओसरीवर फासे टाकत बसायचो.

एका दुपारी पाणी पिऊन आले, तर सहा वर्षांची चिंगी जागेवर नव्हती.

"चिंगी कुठं गेली रे?"

"भुयारात गेली न मावशी, खजिना पाहाले," तिचा भाऊ बंटी म्हणाला आणि त्याने कापसाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

ढिगाच्या तळाशी एक भोक होतं आणि वरून कापूस घसरून ते बुजत होतं. मी हाका मारल्या, पण आत आवाज जातच नव्हता. दोन्ही हातांनी उपसत राहिले. जितका उपसला, तितका वरून आला. शेवटी एक घोटा हाताला लागला. ओढून काढली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. पाठीवर थापट्या मारल्यावर ती खोकली आणि रडू लागली.

संध्याकाळी बहिणीने विचारलं, "पोरायनं तरास तं नाही देल्ला?"

"नाही," मी म्हणाले. बंटीने माझ्याकडे पाहून मान खाली घातली.

तेव्हा वाटलं, बहिणीच्या जिवाला घोर नको म्हणून मी गप्प राहिले. आता कळतं, खेळ माझाच होता म्हणून ती मला दोष देईल, याला मी घाबरले होते आणि त्या भीतीपायी दोन लेकरांनाही गप्प राहायला शिकवलं.