नवरीची गाडी

लग्न होऊन मी भुसावळहून धुळ्याला आले, तेव्हा देवपुरातल्या आमच्या गल्लीत सासऱ्यांची जुनी विलायती गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती. कारण ती सगळ्यांनी कधी ना कधी ढकललेली होती.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. गाडी त्यांनी तरुणपणी घेतली होती आणि दर रविवारी ते ती स्वतः पुसायचे. पण वर्षभरापूर्वी इंजिन उतरवून दुरुस्त केलं, गाडीला नवा रंग दिला, आणि तेव्हापासून ती किल्लीवर सुरू व्हायला तयार नव्हती. सेल्फ मारला की नुसती कण्हायची. मेकॅनिकने बॅटरी बदलली, मग सेल्फची मोटर बदलली. फरक शून्य.

नणंदेचं लग्न ठरलं, सासर पिंपळनेरचं. पाठवणी आपल्याच गाडीतून करायची, असं आबांनी जाहीर केलं. नणंद भडकली. "माझ्या सासरच्या लोकांसमोर गाडी ढकलायची वेळ आली, तर मी बसणार नाही. रिक्षानं जाईन!"

आबा ओट्यावर जाऊन गाडीकडे बघत बसले. मला ते बघवेना.

माझे वडील रेल्वेत, डब्यांतल्या दिवे-पंख्यांचं काम बघायचे. घरी बिघडलेला रेडिओ उघडला की मला शेजारी बसवायचे आणि सांगायचे, "करंट जातो कुठून ते सगळे बघतात. तू परत कुठून येतो ते बघ." पुढे मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं ते त्यामुळेच.

मेंदीच्या दिवशी दिवेलागणीला मी आबांना म्हटलं, "आबा, समोरचे दिवे लावून सेल्फ मारा बरं."

त्यांनी मारला. इंजिन कण्हलं, पण भिंतीवरचा उजेड जरासुद्धा मंद झाला नाही. म्हणजे बॅटरीत जोर होता. करंट मोटरपर्यंत पुरता पोचत नव्हता, किंवा तिथून परत येत नव्हता.

"पोरी, बठ्ठं बदललं, आते काय राहिनं?" सगळं बदलून झालं, आता काय उरलं, असं आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

"अजून एकदा मारा."

या वेळी मी बॉनेट उघडून आत हात घातला. चोकची तार बोटाला लागली आणि मी हात झटकला. चटका बसण्याइतकी गरम! चोकची तार नुसती ओढायची असते, तिच्यात करंटचं काय काम? मग डोक्यात लख्ख पडलं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं. त्यातला करंट गाडीच्या सांगाड्यात उतरून बॅटरीकडे परतायला वेगळी जाड पट्टी लागते. ती वाट बंद होती, म्हणून बिचारा करंट त्या बारीक तारेतून परतत होता.

टॉर्च घेऊन शोधलं. इंजिनच्या मागे तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी सापडली. तिचं टोक सांगाड्याला जिथे आवळलं होतं, तिथे खाली नव्या रंगाचा जाड थर होता. करंट अडला होता तो आबांच्या हौसेच्या रंगावर! नट सोडला, पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासलं, पट्टी पुन्हा आवळली.

"आता मारा."

एका दमात इंजिन सुरू झालं. आबांनी बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. नणंद मेंदीचे हात वर धरून धावत बाहेर आली. "अगं वहिनी!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

लग्नाच्या दिवशी माझे वडील मांडवात शिरले, तसं आबांनी त्यांचा हात धरला आणि आहेर, पाहुणे सगळं सोडून सरळ गाडीपाशी नेलं. बॉनेट उघडून ती पट्टी दाखवली. वडिलांनी ती दोन बोटांनी ओढून पाहिली. "पक्की आवळलीय," ते म्हणाले आणि चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

पाठवणीला नणंद मागे बसली. आबांनी पिंपळनेरच्या सगळ्या मंडळींसमोर किल्ली माझ्या हातात दिली. "तूच चालू कर."

मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. पैठणी सावरत मी चालकाच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. मी उतरले, आबा बसले. जाता जाता खिडकीतून डोकं बाहेर काढून व्याह्यांना ओरडून म्हणाले, "मन्ही सूनबाईनी नीट करी!"

बाकीचे डोळे पुसत होते. मी मात्र मान ताठ करून गाडी नदीच्या पुलाकडे वळेपर्यंत बघत उभी राहिले.