रुळांपलीकडचा निरोप

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात सूत्रसंचालक मी. गणपती असो, दिवाळी असो, नाही तर तिसऱ्या अंकात वाक्य विसरलेला नट. सगळं मी निभावून नेतो. त्यामुळे दोन हजार चार साली, शुगर लँडपासून तासाभरावर राहणाऱ्या माझ्या इंजिनिअर मित्राचे वडील इथे मुलाकडे आलेले असतानाच गेले, तेव्हा त्याने पहिला फोन मलाच केला. मरणालाही सूत्रसंचालक लागतो!

त्याच्या आईचं, म्हणजे काकूंचं, मागणं साधं होतं. "ह्यांना मुलाच्या हातची अंघोळ मिळू दे. आणि निरोपाला आपली माणसं असू देत."

त्याच्या गावात अंत्यविधीची सोय करणारी फ्युनरल होम दोन. रुळांच्या अलीकडे गोऱ्यांचं, पलीकडे काळ्यांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही अर्थातच अलीकडे गेलो. आपण कोणत्या बाजूचे हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, पण उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

तिथल्या गृहस्थांनी कॉफी दिली, सांत्वन केलं आणि अंघोळीला नाही म्हटलं. घरच्यांनी हात लावायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

मग पलीकडे. मालकीणबाई सत्तरीच्या, आवाज असा की माईकची गरज नाही. मला लगेच आवडल्या. "आमच्या आज्या घरीच अंघोळ घालायच्या, हनी. पाणी कोमट देऊ ना?"

मित्राने वडिलांना अंघोळ घातली, तोंडात गंगाजल घातलं, तुळशीपत्र ठेवलं. मी टॉवेल धरून उभा होतो. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणापर्यंत रुळांअलीकडचं ते दार त्यांच्या लोकांना बंद होतं. पुढे कायद्याने उघडलं.

"मग आता तुमचे लोक तिकडे जातात?"

"कुणी नाही. तिकडचंही कुणी इकडे आलेलं नाही. बाहेरचे असे तुम्हीच पहिले."

मी मंडळात पत्ता कळवला आणि फोन सुरू झाले.

"अरे यार, तिकडे कशाला अरेंज केलंस? तो एरिया..."

"एरियाला काय झालं?"

"तसं काही नाही रे. पण लेडीज असणार, अंधार..."

"रविवारी दुपारी आहे."

"पार्किंगचं काय?"

"समोर अख्खं मैदान आहे."

"बरं, बघतो."

मोदकांसाठी दोन-दोन तास ड्राइव्ह करणारं माझं हाउसफुल्ल मंडळ! रविवारी त्यातले दोन विद्यार्थी तेवढे आले, कारण त्यांना एरिया कुणी समजावून सांगितला नव्हता. बाकी खुर्च्याच खुर्च्या. नाटकाला इतकं रिकामं सभागृह मिळालं असतं तर मी पडदाच उघडू दिला नसता.

बाईंनी दारातून एकदा पाहिलं आणि निघून गेल्या. शेजारचं चर्च नुकतंच सुटलं होतं. परतल्या त्या दहा-बारा बायकांना घेऊन. जांभळ्या, पांढऱ्या, पिसं लावलेल्या मोठ्या हॅट्स. त्या गुपचूप खुर्च्यांवर बसल्या आणि एका अनोळखी मराठी माणसासाठी त्यांनी माना खाली घातल्या.

काकूंनी मागे वळून पाहिलं. एकेका बाईला त्यांनी हात जोडले. मग त्यांची नजर त्या हॅट्सवरून दारापर्यंत गेली.

"आपली माणसं ट्रॅफिकमध्ये अडकली असतील, नाही रे?"

बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"हो काकू," मी म्हणालो, "फार ट्रॅफिक आहे आज."

"मग थांबू या थोडं."

आम्ही थांबलो.