हौसाची सातवी

सुट्टीसाठी घरी निघाले होते. बारामतीच्या स्टँडवर आमचे गाडीवान आबा ट्रंक बैलगाडीत ठेवता ठेवता म्हणाले, "हौसा गेली, ताई. बाळंतपणात. म्हैना झाला." आमचं गाव लासुर्णं येईपर्यंत मी रस्त्याकडेच्या उसाकडे बघत बसले… पुण्यात शिकणाऱ्या मुलीला सालगड्याच्या पोरीचं काय, असं त्यांना वाटलं असेल.

हौसा माझ्याच वयाची. तिचे वडील, ज्ञानूकाका, आमच्याकडे सालानं कामाला आणि त्यांची झोपडीही आमच्याच उसाच्या कडेला. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत. ती गावातल्या शाळेत, म्हणजे आमच्या रानात काम नसेल तेव्हा. खुरपणी आली की तिचा आठवडा बुडे, भुईमूग काढायला आला की आणखी एक. हजेरी घेताना गुरुजी तिच्या नावापाशी थांबतही नसत. तरी सातवीपर्यंत पोचलेली गावातली ती एकटीच मुलगी. सातवी झाली की मास्तरीण होता येतं, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं. "मंग म्या खुर्चीत बसून हजेरी घेणार," ती म्हणायची, "आन् जी पोरगी येणार न्हाय, तिला न्हाय हाणायचं. तिच्या बापाच्या मालकाला हाणायचं!" आणि माझ्याकडे बघून हसायची. मालक म्हणजे माझे वडील, तात्या.

परीक्षा बारामतीला होती. गुरुजी मुलांना सकाळच्या एस.टी.नं नेणार होते. आदल्या दिवशी निरोप आला, उद्या पाटाला पाणी सुटणार, पाळी आमची. ज्ञानूकाका तापानं पडलेले. दिवसभर चिखलात उभं राहून एका सरीचं पाणी दुसरीत वळवायचं, म्हणजे दारं धरायची, हे काम त्यांच्यामागे हौसाचंच. ती अंगणात येऊन उभी राहिली.

"तात्या, उद्याच्याला दुसरं कुणी दारं धरंल का?"

"परीक्षा काय, फुडल्या साली येईल," तात्या शांतपणे म्हणाले. "पानी थांबतं व्हय?"

तिनं एकदा झोपडीकडे पाहिलं. "न्हाय, तात्या," म्हणाली. मी तेव्हा सुट्टीला घरी आलेली. जाताना माझ्यापाशी थांबली. "ताई, तुमच्या पुण्याला परीक्षेच्या दिशी पाटाला पानी सुटत न्हाय का वो?"

पुढल्या साली परीक्षेच्या आधीच तिचं लग्न झालं, निरवांगीला. तात्या त्याच साली शाळा समितीचे अध्यक्ष झाले. बक्षीस समारंभात म्हणाले, गरिबांना शिक्षणाची आस्थाच नाही. टाळ्या पडल्या. सतरंज्या उचलायला मागे थांबलेल्या ज्ञानूकाकांनीही टाळ्या वाजवल्या.

बाळंतपणाला हौसा माहेरी आली. पोट पुढं आलेलं असतानाही दारं तिनंच धरली, असं आई सांगते. कौतुकानं सांगते.

परवा पुन्हा पाणी आलं. तात्यांनी सवयीनं झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "हौसे, चल गं!" … आणि गप्प झाले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी घसा साफ केला.

"रखमे!"

रखमा तिची धाकटी बहीण, चौथीत आहे. दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागली होती. तिथूनच मागे वळली.